दिवेकर काकांचं लोहचुंबक

दिवेकर काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसले. बाकीचे काका एका परक्या माणसाच्या गाडीखाली होते. मी आणि माझा नवरा मंदार न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत नवीनच आलो होतो आणि एक जुनी गाडी बघायला निघालो होतो. "काकांना दाखवल्याशिवाय गाडी घेऊ नका," असं मंदारच्या ऑफिसातल्या मराठी मंडळींनी बजावलं होतं. काका सरपटत बाहेर आले, पँट झटकली आणि नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता शर्टाच्या खिशातून सुतळीला बांधलेलं एक लोहचुंबक काढलं. ते गाडीच्या अंगावर ठिकठिकाणी टेकवत निघाले. सगळीकडे टकाटक चिकटलं. मागच्या दाराशी मात्र घसरलं आणि सुतळीला लोंबकळायला लागलं.

"इथे पत्रा नाही, पुट्टी भरलीय," काका म्हणाले. "मालक काय म्हणाला? कुठे ठोकली नाही म्हणून?"

"हो काका. एकदम क्लीन आहे म्हणाला," मंदार म्हणाला.

"माणूस बोलतो, पत्रा सांगतो." एवढं बोलून त्यांनी चुंबक खिशात टाकलं आणि आम्हाला चहाला घरी नेलं.

पिंपरीच्या एका कारखान्यात काकांनी सगळी नोकरी तपासणी खात्यात काढली होती. निवृत्त होऊन मुलाकडे न्यू जर्सीला आले. नोकरी मागे राहिली, पण तपासणी खातं बरोबर आलं. गणपतीत समोर मोदक आला की आधी तो मोडून आतलं सारण उजेडात धरायचे. गाडीतल्या नकाशावाल्या बाईने उजवीकडे वळायला सांगितलं की विचारायचे, "पण हिला कोणी सांगितलं?" चांगल्यात चांगल्या गोष्टीला त्यांचं प्रशस्तिपत्रक म्हणजे "सध्या हरकत नाही". त्याच्या वर ते कधी गेले नाहीत. "जगात पास कुणीच नसतं," ते म्हणायचे. "नापास व्हायचं राहिलेलं असतं, एवढंच."

नलिनीकाकू, म्हणजे त्यांची बायको, याची साक्ष द्यायला नेहमी तयार. "मला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी रिकामी झाल्यावर उलटी करून खालचा छाप वाचत होते. तेव्हाच ओळखायला हवं होतं गं. बेचाळीस वर्षं झाली, माझा निकाल अजून लागलेला नाही."

माझं आणि काकांचं लगेच जमलं. मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. काका मला "आमच्या खात्यातली" म्हणायचे आणि मला ते फार आवडायचं. दुसऱ्याचं खोटं पकडण्याला एक चव असते. ती आम्हा दोघांनाही लागलेली होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

पुढे आम्ही काकांच्या मुलाच्याच गावात घर घेतलं. गाव लहान, पण त्याचा एक मोठा अभिमान. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इथे टिल्सन नावाच्या भावांचा मोटारींचा कारखाना होता. आधी ते घोड्यांच्या बग्ग्या बनवायचे. मग घोडा सोडून इंजिन बसवलं. थोडी वर्षं नाव गाजलं आणि मग कारखाना बुडाला. त्यांच्या गाड्यांपैकी एकच उरली होती, गावच्या लायब्ररीच्या मागच्या दालनात, गर्द हिरवी, पितळी दिव्यांची. मिस एडना नावाच्या ऐंशीच्या पुढच्या बाई तिची देखभाल करायच्या. त्यांचे आजोबा त्या कारखान्यात सुतार होते, वडिलांनी जन्मभर ही गाडी सांभाळली आणि त्यांच्यामागे एडनाबाईंनी. रोज सकाळी मऊ फडकं घेऊन येणारी बाई. घरी दुसरं कुणी नव्हतं.

एका शनिवारी मी काका-काकूंना ती गाडी दाखवायला नेलं. काका दारातच थबकले.

"रंग फार चांगला आहे," ते पुटपुटले. काकांच्या तोंडी हा आरोप होता.

एडनाबाई माहिती सांगत होत्या आणि काका गाडीभोवती फिरत होते. दोन फेऱ्या झाल्यावर ते माझ्या कानाशी आले. "बाई डाव्या बाजूला जाऊ देत नाहीये, पाहिलंस? आपण तिकडे वळलो की ती मध्ये येते."

मी पाहिलं. खरंच येत होत्या. माझ्याही अंगात संशय शिरला. गाडीखाली धुळीचा कण नाही, दाराची फट जास्तच सरळ, बाईंचं हसू जरा घट्ट. एडनाबाईंना फोन आला, त्या पाठमोऱ्या झाल्या आणि काकांनी खिशात हात घातला. दारावर चुंबक टेकवलं. घसरलं. मागच्या बाजूला टेकवलं. तिथूनही घसरलं.

"फायबर," काका म्हणाले. "हुबेहूब केलीय, पण नकली."

तेवढ्यात एडनाबाई वळल्या. "काय करताय तुम्ही?" असं ओरडून त्यांनी काकांचा हात बाजूला केला. त्यांचा आवाज थरथरत होता. तो मला चोराचा आवाज वाटला.

काका घरी जाऊन गप्प बसले असते. मी बसले नाही. त्याच दुपारी गावाच्या ऑनलाइन ग्रुपवर मी लिहिलं की आमच्या ओळखीच्या एका अनुभवी तज्ज्ञांच्या मते आपली टिल्सन खरी नाही. 'तज्ज्ञ' हा शब्द माझा. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. लायब्ररीच्या विश्वस्तांना त्या दालनात मुलांसाठी कॉम्प्युटर ठेवायचे होतेच, त्यांना आयतं कारण मिळालं. गाडी दुसऱ्या राज्यातल्या एका गोदामात पाठवायची का, यावर महिन्याभराने जाहीर बैठक ठरली. पुढच्या आठवड्यात दुकानात एडनाबाई समोरून आल्या. मला पाहून त्यांनी ढकलगाडी वळवली आणि भाजी न घेताच निघून गेल्या.

मला वाईट वाटलं, पण खऱ्याची बाजू घेतल्याचं समाधानही होतं. ते समाधान नलिनीकाकूंच्या ओट्यावर संपलं.

मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. काका तिसऱ्यांदा तीच कथा सांगत होते आणि चुंबक ओट्यावर पडलं होतं. काकूंनी ते उचललं आणि पुण्याहून आणलेल्या आपल्या कुकरला लावलं. घसरलं. पुन्हा लावलं. पुन्हा घसरलं.

"अहो, हाही चिकटत नाही," काकू म्हणाल्या. "मग इतकी वर्षं मी नकली कुकरमध्ये भात लावतेय की काय?"

"अगं, तो ॲल्युमिनियमचा..." काका म्हणाले, आणि घास हातातच राहिला.

तो भात त्यांनी संपवला नाही. दुसऱ्या दिवशी लायब्ररी उघडायच्या आधी ते दाराशी उभे होते आणि पुढचे चार दिवस टिल्सन कंपनीचे कागद वाचत बसले. त्यात सगळं होतं. बग्ग्या बनवणारे सुतार, ॲश नावाच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर हाताने ठोकून बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. पुढे इतर कारखाने दाबयंत्राखाली पोलादी पत्रा घालून भराभर गाड्या काढायला लागले. टिल्सन बंधूंनी सुतारांना काढायला नकार दिला आणि ते मागे पडले. ज्या गोष्टीपायी कंपनी बुडाली, त्याच गोष्टीपायी आम्ही तिला खोटं ठरवलं होतं.

"दोन ठिकाणी लावलं मी. दोन!" काका मला म्हणाले. "आमच्या खात्यात कुणी दोन नग बघून अख्खा लॉट रिजेक्ट केला असता, तर त्याला दिवसभर उभा केला असता. सगळ्यांवर संशय घेतला, स्वतःवर घ्यायचा राहिला." त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. मी घरी जाऊन ग्रुपवर चूक कबूल केली. खोटी बातमी शंभर जणांनी वाचली होती, कबुली सात जणांनी वाचली.

आम्ही दोघं माफी मागायला गेलो. एडनाबाईंनी हातातलं फडकं खाली न ठेवता ऐकून घेतलं. काका म्हणाले, "गाडी खरी आहे हे मला बैठकीत सिद्ध करायचंय. मला नीट तपासू द्या." बाईंनी काकांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग टेबलावरचा एक काचेचा वाडगा पुढे केला. चुंबक त्यात ठेवायचं, जाताना घेऊन जायचं, आणि त्या सांगतील तिथेच हात लावायचा. काकांनी निमूटपणे ठेवलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाईला अक्कल आहे. माझा खिसा तपासायला हवा होता मात्र."

पुढच्या शनिवारी बाईंनी तोही तपासला. ते तीन शनिवार मी विसरणार नाही. एक संशयी म्हातारा बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसलेला आणि त्याच्या डोक्यावर दुसरी संशयी म्हातारी. काकांचा तर्क असा, की कारखान्यातला माणूस आपली खूण गिऱ्हाइकाला दिसणार नाही तिथे करतो. आणि तसंच निघालं. सीटखालच्या पट्टीवर, दाराच्या आतल्या कडेवर, पायाखालच्या फळ्यांच्या पाठीवर, लाकडात एकच आकडा ठोकलेला होता, एकशे बारा. कारखान्याच्या जुन्या नोंदवहीत तोच आकडा होता. अकरा लाकडं, अकराही जुळली.

बारावी फळी डाव्या बाजूची होती.

"तिची गरज नाही," एडनाबाई पटकन म्हणाल्या. काका थांबले. मग बाई स्वतःच खुर्चीवर बसल्या. "तिच्यावर सदतीस आहे," त्या हळूच म्हणाल्या. मूळ फळी कुजली होती. वडिलांनी कारखान्याच्या पडक्या शेडमधून दुसऱ्या गाडीची फळी आणून बसवली आणि कुणाला सांगू नकोस म्हणून मुलीकडून वचन घेतलं. लोक म्हणतील, दोन गाड्यांची एक केली. सत्तर वर्षं ही बाई त्या एका फळीच्या आडवी उभी होती.

"तुम्ही प्लीज अकराच सांगा," त्या काकांना म्हणाल्या.

काकांनी हातातली बॅटरी विझवली. गप्प बसले तर गाडी वाचत होती, आणि ती आमच्यामुळेच तर संकटात आली होती. मी त्यांना मराठीत म्हटलं, "काका, जाऊ दे ना. एका फळीने काय होतंय?"

"एक लपवली, की उरलेल्या अकरांवर माझ्यासारखाच कुणीतरी संशय घेईल," काका मला म्हणाले. मग बाईंकडे वळून त्यांच्या सावकाश इंग्रजीत म्हणाले, "मी खोटं सांगणार नाही. पण ती फळी माझी नाही, तुमची आहे. ती तुम्ही सांगा. मी शेजारी उभा राहतो."

बैठकीच्या सकाळपर्यंत बाई काय करणार हे आम्हाला माहीत नव्हतं. बैठकीत काका पुढे गेले आणि पहिलं वाक्य बोलले, "आय वॉज राँग." मग लाकूड, पत्रा, कुकर, सगळं सांगितलं. कुकरला लोक हसले. अकरा आकडे वाचून ते थांबले आणि तसेच उभे राहिले. एडनाबाई बसूनच होत्या. मला वाटलं, नाही उठत. मग त्या खुर्चीचा हात धरून उठल्या, काकांच्या शेजारी गेल्या आणि बाराव्या फळीची गोष्ट सांगितली. वडिलांचं नाव घेताना रडल्या. मीही रडले.

विश्वस्तांपैकी एकाने विचारलं, "मग ही गाडी ओरिजिनल म्हणायची की नाही?"

"बारातली अकरा," काका म्हणाले. "आणि बारावी कुठून आली हे सांगणारं माणूस आहे. एवढी कागदपत्रं तर माझ्या स्वतःच्या गुडघ्यांचीही नाहीत."

गाडी राहिली. कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर गेले. परत येताना काकांनी गाडीत आधी सीटबेल्ट ओढून तपासला. मग म्हणाले, "बाई पास."

मी ब्रेकच दाबला. मागच्या सीटवरून नलिनीकाकू म्हणाल्या, "मला बेचाळीस वर्षांत नाही, आणि तिला तीन शनिवारांत? आणि गाडीचं काय?"

"गाडीचं सध्या हरकत नाही."

त्यानंतर दर शनिवारी काका तिथे लोकांना गाडी दाखवायला जायचे. दारात वाडग्यात चुंबक ठेवायचे, आता कुणी सांगत नसताना. गाडीशेजारी एडनाबाईंनी नवी पाटी लावली, तिच्यावर सदतीस नंबरची फळी आणि वडिलांचं नाव पहिल्याच ओळीत. आता त्या सगळ्यांना आधी डाव्या बाजूला न्यायच्या.

दोन हिवाळ्यांनी काका गेले. आदल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये नर्सने औषध आणलं तेव्हा बाटलीवरचं नाव त्यांनी वाचायला मागितलं होतं. नंतर नलिनीकाकू मला म्हणाल्या, "नर्स गेल्यावर माझ्याकडे बघून 'पास' म्हणाले गं. मी म्हटलं, उशीर केलात." आणि त्यांना हुंदका आवरला नाही. भेटायला आलेल्या एडनाबाईंनी रुमालात गुंडाळून चुंबक परत आणलं. शेवटच्या शनिवारी ते वाडग्यातच राहिलं होतं.

काकू पुण्याला परत जायला निघाल्या तेव्हा मी सामान बांधायला गेले. त्यांनी चुंबक माझ्या हातात ठेवलं. "हे तू ठेव. त्यांच्या खात्यातली ना तू?" मग कुकर लुगड्यात गुंडाळून बॅगेत ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हा मात्र मी नेतेय. आता तुझं तुलाच बघावं लागेल."

चुंबक माझ्या फ्रिजवर आहे. ग्रुपवर कुणाचं खोटं दिसलं की बोटं अजूनही शिवशिवतात. मी उठते, माझ्या ओट्यापाशी जाते, आणि जिथे काकूंचा कुकर नाही तिथे, काही लिहायच्या आधी, थोडा वेळ उभी राहते.