मोहाखालची वायर

माझ्या मुलाने कधी ससाही मारला नव्हता आणि निघाला सांबर मारायला. तेही ओळखीच्या जंगलात नाही. सूरजागडच्या अंगाला माझी मुलगी दिली आहे, त्या जंगलात. तिकडे तो दोनदा गेला होता, दोन्ही वेळा पाहुणा म्हणून, जेवून परत.

तो आणि त्याचा दोस्त अंगणात बसून बेत करत होते. मी बाजूला लाखोळीची डाळ पाखडत होते. दोस्ताने कोळशाने जमिनीवर नाला काढला, रस्ता काढला. गाडी कुठे लपवायची, मटण कशात आणायचं, सगळं ठरलं. मला आधी वाघाची भीती वाटली, मग जेलची.

"माय, तू काऊन भेतं?" मुलगा म्हणाला. "वायर लावाची, वरच्या लायनीवरून करंट सोडाचा, न दूर जाऊन बसाचं."

"वायर कुठी लावतं?"

"नाल्यावरच्या मोहाखाली. ताईनंच सांगतलं फोनवर, पहाटे सांबर येते फुलं खाले."

माझ्या हातातलं सूप थांबलं. हे मुलीला कसं ठाऊक? ती तिथं जाते म्हणून. मोह पडायला लागला की तिकडच्या बाया अंधारातच टोपली घेऊन निघतात, जनावरांच्या आधी फुलं वेचायला. आमच्या गावाजवळ मोह उरलेला नाही, मुलाने वेचणाऱ्या बाया कधी पाहिल्याच नाहीत. गाडीची जागा बघितली, बायांचं डोक्यात आलं नाही.

"लाव फोन तिले," मी म्हटलं. "सांग, दोन दिवस मोहावर जाऊ नको."

त्याने लावला. मुलगी हसायला लागली. "काऊन रे, तू येऊन राह्यला काय वेचाले? मी नाई गेली तं सासू जाईन. मोह काय तुह्यासाठी झाडावर थांबते?"

मी फोन घेतला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माय, नाल्यावरचे मोह आमचेच आहेत."

"दुसरा नाला पाहू," दोस्त म्हणाला.

"तिथी काय बाया नाई जात?"

"तुही माय लय भेते बे," असं मुलाला म्हणून त्याने वायरीचं भेंडोळं गाडीला अडकवलं आणि गेला. मुलगा गेला नाही. दोस्त कुठे गेला ते कळलं नाही. त्याचा फोन बंद.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने मुलीकडे गेले. तिने गावात सांगितलं होतं. माणसं नाल्यावर पाहून आली, काही सापडलं नव्हतं. पण वायर दिवसा कोण लावतो? आणि मोह तर पडतच होता, घरी कोण बसणार?

पहाटे निघालो. पुढे मी, हातात वाळका बांबू, जमिनीलगत फिरवत. वाळक्या बांबूतून करंट येत नाही म्हणतात. खरं-खोटं मला माहीत नाही.

"माय, मी होते पुढं," मुलगी म्हणाली.

"मुकाट्यानं मागं राय."

एक वेल पायाला लागली तेव्हा मेलेच असं वाटलं. झाडाखाली फुलांचा सडा होता, मातीत सांबराच्या खुरांचे ताजे ठसे होते. मुलगी टोपली ठेवून वाकली. मी तिला दंड धरून मागे ओढलं आणि झाडाभोवती आणखी एकदा बांबू फिरवला.