नातीची पाठवणी आणि पितळी फ्लोट

मी, दत्तात्रय गव्हाणे, वय ब्याऐंशी, चौथी उत्तीर्ण, निवृत्त मोटार मेकॅनिक, राहणार चिंचवड, आज सकाळी घडलेले लिहितो.

उद्या नातीची पाठवणी माझ्या १९५४ सालच्या मोटारीतून व्हायची आहे. परंतु कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहत होते. पेट्रोलची पातळी राखणाऱ्या पोकळ पितळी फ्लोटची पट्टी वाकवून पाहिली, तरी गळती थांबेना.

"आबा, भाड्याची गाडी सांगू का?" चिरंजीव सुरेशने विचारले.

"मग नवरदेवही भाड्याचाच आण!"

फ्लोट गरम पाण्यात बुडवताच बुडबुडे आले. भोकातून आत पेट्रोल शिरून तो जड झाला होता. तो रिकामा करून भोकाला कथलाचा डाग दिला, पातळी नव्याने जुळवली. गळती थांबली.

मंडळी, आपण आधी फ्लोट तपासता की पट्टी वाकवता?

साक्षीदार म्हणून हजर: पत्नी सुशीला, चिरंजीव सुरेश आणि नात मानसी. गळती थांबताच मानसी गाडीत जाऊन बसली, ती अद्याप उतरलेली नाही.