धाकटीचं ऑपरेशन आणि टाकेभाऊ

धाकटी माझी घडीची जोडीदारीण. आमच्या लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी येतात, आणि मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. ओढायचं, झटकायचं, चालत येऊन टोकं जुळवायची. दिवसभर समोरासमोर. तिचं तोंड मी तिच्या नवऱ्यापेक्षा जास्त पाहिलंय. जेवण झालं की ते दुखण्याने वाकडं व्हायचं, तेही आधी मलाच दिसलं.

मीच तिला ओढत दवाखान्यात नेलं. पित्ताशयात खडे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आत्ता दुखणं लहान आहे, दुर्बिणीतून काढून टाकू. चार बारीक छिद्रं पडतील, बस.’ मला काय नवीन? माझे खडे तसेच निघालेले. दुसऱ्या दिवशी मी माझ्या पायांनी जिना चढून घरी आले. पोटात भरलेल्या गॅसने खांदा थोडा दुखला, काही दिवस जड उचलायचं नाही एवढंच पथ्य. दोन आठवड्यांत घडीच्या टेबलाशी हजर! तारीख ठरली तेव्हा धाकटीचा जीव भांड्यात पडला. तिची लेक दीड वर्षाची, सारखी कडेवर हवी. पोरीला उचलता येईल ना, एवढंच ती बाईंना दोनदा विचारून आली.

पण तिच्या घरात थोरले दीर बसलेत ना! हे आमच्याच लाँड्रीत धुलाईचे मुकादम. तरुणपणी यांचं पोट उघडून ऑपरेशन झालं, बरगडीपासून बेंबीपर्यंत. नवा माणूस दिसला की सदरा वर! म्हणून सगळे त्यांना टाकेभाऊ म्हणतात, आणि त्यांना त्यात मान वाटतो, बोला आता.

चहाच्या सुट्टीत टाकेभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "गाठोडं न सोडता आतला कपडा धुता येतो का कधी? पोट उघडल्याशिवाय खडे कुठले निघतात!"

सगळी धुलाई माना डोलवायला लागली. उभा जन्म गाठोडी सोडण्यात गेलेला, त्यांना ते पटलंच.

"माझे निघाले की!" मी म्हटलं.

"तुझे आतच असतील. दिसतंय काय पोटावर? डास चावल्यासारखं!"

असा संताप आला म्हणून सांगू! दुखलं कमी, वण लहान, म्हणून ऑपरेशन खोटं? माणूस बरा होण्यासाठी दवाखान्यात जातो की मिरवायला?

त्यांनी तारीख रद्द करवली. म्हणे, नीट उघडून करणारा डॉक्टर बघू. धाकटीचा नवरा म्हणजे भावाच्या ताटाखालचं मांजर. आणि धाकटी? थोरल्यांना उलट उत्तर द्यायचं नाही हे तिच्या अंगात मुरलेलं. मी बडबडबडबड केली, पण पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टर बघण्यात महिने गेले.

मग एका दुपारी चादरीची टोकं तिच्या हातून सुटली. अंगात सणसणून ताप, उलट्या. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीनेच सुरुवात केली. पण पित्ताशय सुजून आजूबाजूला घट्ट चिकटलेलं. धोका नको म्हणून पोट उघडावंच लागलं. वाचली, हे खरं. पण जखम चिघळली, मुक्काम लांबला, खोकला आला तरी उशी पोटाशी दाबून धरायची. टेबलाशी माझ्यासमोर आता दुसरीच बाई उभी असते.

ती घरी आल्यावर मी भेटायला गेले. टाकेभाऊ दारातच, शेजाऱ्यांना घेऊन. त्यांचा चेहरा, काय सांगू, लग्नघरातल्यासारखा!

"याला म्हणतात ऑपरेशन," ते म्हणाले. "धाकटे, किती टाके पडले सांग की यांना!"

माझ्या जिभेवर शिव्या आल्या होत्या. तेवढ्यात पोरगी धावत आली आणि आईपुढे हात वर करून उभी राहिली. धाकटी सवयीने वाकली, कळवळली, पोट धरून मागे टेकली. ओठ पांढरे पडले. मग तिने जन्मात पहिल्यांदा दिराच्या डोळ्याला डोळा दिला.

"भाऊजी, माझे चारच ठरले होते," ती म्हणाली. "बाकीचे सगळे तुमचे आहेत."

पोरगी अजून हात वर करून रडतच होती.