सैल भरलेल्या कांड्या

त्याच्या लूमला जाणाऱ्या कांड्या मी मुद्दाम सैल भरत होते. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. निजामपुऱ्यातल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात मी दोऱ्याच्या कांड्या भरायला जायचे. पत्र्याच्या आडोशापलीकडे तो लूम चालवायचा. आमचं जमलं होतं. मग त्याच्या काल्हेरच्या मामाने आपली मुलगी त्याला देऊ केली, आणि एके दिवशी शिफ्ट सुटताना तो स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाला, "घरचे न्हाय ऐकत."

मी "बरं" म्हणाले. टेमघरला घरी गेले, जेवले, भांडी घासली. रडायचं राहूनच गेलं.

त्यानंतर तो बोलेनासा झाला. कांड्यांची टोपली उचलायचा, मान वर करायचा नाही. एकदा माझ्याकडून चुकून एक कांडी सैल भरली गेली. सैल कांडीचा दोरा लूमवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातून झुबक्याने सुटतो, कापडावर गाठी येतात, लूम थांबवावा लागतो. पलीकडे त्याचा लूम थांबला. इतक्या खडखडाटातही मला तो वेगळा कळायचा. कांडी हातात घेऊन तो समोर उभा राहिला.

"सैल हाय."

तेवढंच. पण बोलला तर.

मग मी रोजच दोरा बोटांतून जरा मोकळा सोडू लागले. तो यायचा, "सैल हाय" म्हणायचा, जायचा. मी त्यावर दिवस काढायचे.

शेजारच्या मशीनवरच्या मावशीने एकदा विचारलंच, "तुझ्या कांड्यांना काय झालंय गं?"

"मशीन जुनं झालंय, मावशी."

"हां. मशीनच."

एका सकाळी मुकादमाने त्याचं कापड उजेडात धरलं. "ये क्या है? कांडी खराब आती है क्या?"

मी आडोशाच्या फटीतून बघत होते.

"न्हाय," तो म्हणाला. "कांडी चांगली हाय. माझाच हात चुकतो."

"एक और थान ऐसा निकला तो कल से मत आना."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. मी त्याच्या पोटावर पाय देत होते आणि तो माझा पाय झाकत होता.

त्या दुपारी मी दोरा बोटांत घट्ट धरला. बोटं सारखी सैल पडू बघत होती. जरा सोडला की तो येईल, एवढंच तर करायचं होतं. दोऱ्याने बोट कापलं, चिंधी गुंडाळली आणि पुढची कांडी लावली. पलीकडे त्याचा लूम चालू होता. चालूच होता.

मावशीने एक कांडी अंगठ्याने दाबून पाहिली. "झालं का गं मशीन नीट?"

"झालं."

शिफ्ट सुटेपर्यंत त्याचा लूम थांबला नाही. तो आला नाही. टेमघरच्या रस्त्याने मी रडत घरी गेले, अगदी मोठ्याने, येणारी-जाणारी माणसं बघत असताना. पण अशी ताठ मानेने मी पुढे माझ्या वरातीतसुद्धा चालले नाही.