लाल पेनाची खूण

माझी आत्या सव्वीस वर्षं शिकवून एके दिवशी शाळा सोडून आली. आता ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवते आणि शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या सात मुलांशी तासभर वाद घालते. गृहपाठ जवळजवळ नसतोच. "बाई, पटलं," असं कोणी म्हटलं की ती लगेच विचारते, "का पटलं?" मूल अडकलं की ही खूश.

परवा वर्ग चालू असतानाच एका मुलीच्या वडिलांनी स्क्रीनमध्ये डोकं घातलं. "दोन महिन्यांत हिच्या वहीत एक ओळ नाही. नुसत्या गप्पांनी शिक्षण होतं का? रोज चार पानं लिहायला द्या."

आत्याने ड्रॉवरमधून एक पिवळा पडलेला कागद काढून कॅमेऱ्यासमोर धरला. "वाचा मोठ्याने."

शाळेतल्या कुठल्याशा मुलीचा निबंध होता. मधोमध तिने लिहिलं होतं, 'बाई, तुम्ही हे वाचतच नाही, लावता पैज?' त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण होती आणि शेजारी 'छान'.

"ही खूण कोणाची?" वडिलांनी विचारलं.

"माझीच. रोज दीडशे वह्या तपासायचे. त्या पोरीने हे पान परत आणून दाखवलं तेव्हा कळलं, मी नुसत्या पाट्या टाकतेय. आता पुन्हा टाकणार नाही, तुम्ही मुलीला वर्गातून काढलंत तरी."

वडील तो कागद नीट बघायला स्क्रीनकडे आणखी वाकले.

"आता बाजूला व्हा," आत्या म्हणाली. "तुम्ही आलात तेव्हा तुमची मुलगी बोलत होती. तिचं वाक्य अर्धं राहिलंय."