बिरोबानं दिलेली चाल

सिद्धनाथ एकवीस वर्षं सोलापुरातल्या एका मिलीत सूतखात्यात उभा होता. उभा म्हणजे अक्षरशः उभा. पाळी संपली की पोटऱ्यांत गोळे यायचे, नाकात कापसाचा भुगा असायचा आणि चाळीच्या जिन्यावर तो मध्येच एका पायरीवर बसून घ्यायचा. येणारे-जाणारे त्याला ओलांडून जात. मिलीत त्याच्या नावाऐवजी तिकिटाचा नंबर होता. माणूस म्हणून त्याला ओळखायचे ते वर्षातून एकदाच, चैत्रात, सांगोल्याकडच्या त्याच्या गावी.

तिथं बिरोबाची जत्रा भरायची. दुसऱ्या दिवशी दुपार कलली की धनगरांची मंडळी देवळापुढं गोल करून बसायची, ढोल घुमायचे आणि सुंबरान मांडलं जायचं, म्हणजे देवाची कहाणी ओव्यांतून गायची. पहिली ओवी धरणं हा मोठा मान. पण त्या गावाची एक रीत होती. गाणाऱ्यानं उभं राहून आधी सांगायचं, ही चाल मी कुणाकडनं घेतली. बापाकडनं, चुलत्याकडनं, अमक्या गावच्या तमक्याकडनं. नाव सांगितलं की पुजारी कपाळाला भंडारा लावणार, मग तोंड उघडायचं.

सिद्धनाथ म्हणायचा, "बिरोबानं दिली. झोपंत."

आणि गावानं ते मानलं होतं, कारण तसली चाल आधी कुणी ऐकलेली नव्हती. मिलीत लागण्याआधीची गोष्ट. कळप घेऊन तो कुंभारीच्या शिवारात गेला होता; शेताला खत म्हणून तिकडचे शेतकरी मेंढरं रानात बसवून घेत. भर उन्हात लिंबाखाली त्याचा डोळा लागला, आणि उठला तर चाल तोंडात तयार. दुसऱ्या चरणानंतर तिच्यात एक थांबा होता. तिथं ढोल दोन ठोके गप्प राहायचे आणि गाणारा नुसता 'हं... हं...' करायचा. गाव त्याला देवाचा श्वास म्हणायचं. म्हाताऱ्या बायका त्या जागेला हात जोडायच्या. पंधरा-सोळा वर्षं पहिली ओवी सिद्धनाथचीच होती.

दुसरी ओवी बिरप्पाची. हा त्याचा चुलतभाऊ, सोलापुरातच रेल्वेत गँगमन. आवाज बरा, पण चाल जुनीच, सगळ्यांची. पहिल्या ओवीवर त्याचा डोळा होता आणि ते तो लपवतही नसे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या संक्रांतीत रेल्वे वसाहतीतल्या मद्रासी मंडळींनी आपला सण केला आणि दिवसभर भोंग्यावर त्यांच्या पिक्चरची गाणी लावली. संध्याकाळी बिरप्पा चाळीत आला. सिद्धनाथची बायको गोजाबाई भाकरी थापत होती, तिच्याकडं गूळ-पाणी मागून तो उंबऱ्यातच बसला.

"सिद्धू, तुज्या बिरोबाला आता तामिळ बी याया लागलं बग."

मग त्यानं सगळं सांगितलं. एक गाणं लागलं होतं. बोल काही कळले नाहीत, पण चाल तीच, अगदी वळणासकट. देवापुढं सिनेमाची चाल चालत नाही हे सिद्धनाथलाही माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी एकाला हिंदी गाण्याची चाल धरली म्हणून गोलातून उठवलं होतं. बिरप्पा म्हणाला, गावात सांगणं मला भागच आहे. ते म्हणताना त्याला वाईट वाटत असावं असा चेहरा त्यानं केला होता.

"भाऊजी, त्येंनीच चोरली आसंल की," गोजाबाई म्हणाली.

"मद्रासवरनं आलं व्हतं व्हय जत्रंला?" बिरप्पा म्हणाला आणि पाणी पिऊन गेला.

पुढचा आठवडाभर सिद्धनाथ सूत कातायच्या साच्यावर तुटलेले धागे जोडत होता आणि त्याला वाटत होतं, आपण काय चोरलं, कधी चोरलं. सिनेमाला जाऊन त्याला दहा वर्षं झाली होती. सुट्टीच्या दिवशी त्यानं धुतलेलं धोतर नेसलं आणि बिरप्पाकडून ज्यांच्या घरची ती तबकडी होती त्या गार्डसाहेबांचा पत्ता घेऊन वसाहतीत गेला. गोजाबाई म्हणत होती, कशाला जाताय, कुणी विचारलंय का. तो म्हणाला, मीच विचारतोय.

गार्डसाहेब भला माणूस निघाला. मिलीतल्या मुसलमान मुकादमासारखं हिंदी बोलायचा. त्यानं खुर्ची दिली. सिद्धनाथ जमिनीवर बसला. तबकडी लागली. पहिल्या ओळीतच त्याला आपली चाल ओळखू आली. पण तिसऱ्या ओळीला ते गाणं वर चढलं; त्याची चाल तिथं खाली उतरायची. आणि तो थांबाही त्यात नव्हता, त्या जागी बाजे भरले होते. पिक्चर कधीचा, असं त्यानं विचारलं. गार्ड म्हणाला, मागच्या साली आला.

मागच्या साली! सिद्धनाथला हलकं वाटलं. त्याची चाल तीस वर्षांची. बिरप्पाचं तोंड गप्प करायला एवढं पुरेसं होतं. तो उठायलाच लागला होता.

पण गार्डनं त्याला म्हणून दाखवायला सांगितलं. सिद्धनाथनं डोळे मिटले आणि हळू आवाजात एक ओवी म्हटली. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. गार्डची बायको पदराला हात पुसत दारात आली आणि नवऱ्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. गार्ड हसून म्हणाला, ही म्हणते हे सिनेमाचं नव्हेच. आमच्याकडं खेड्यात बायका लेकरं निजवताना म्हणतात. सिनेमावाल्यानं तिथनंच उचललं आणि भरभर केलं.

मग ती बाई खाली बसली आणि मांडीवर लेकरू असल्यासारखी थापटत म्हणायला लागली. तिसरी ओळ खाली उतरली. दुसऱ्या चरणानंतर ती थांबली, दोनदा थापटलं आणि तोंड मिटून 'हं... हं...' केलं.

सिद्धनाथला कुंभारीचं रान दिसलं. अक्कलकोटच्या सडकेवर तेव्हा खडी फोडायला मद्रासकडची टोळी आलेली होती. लिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधलेली. काळी, किडकिडीत बाई एका हातानं ती झोळी हलवत होती आणि तो चार हात अंतरावर घोंगडीवर पडला होता, अर्धा जागा, अर्धा झोपलेला. इतकी वर्षं त्याला लिंब आठवायचा, ऊन आठवायचं. बाई आठवली नव्हती.

गार्डच्या बायकोनं कॉफी दिली. ती त्याला कडू लागली, पण त्यानं सगळी प्याली.

घरी त्यानं गोजाबाईला सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, पिक्चर मागच्या सालचा आहे एवढंच सांगा, बाकीचं कुणाला माहीत आहे? खरंच कुणाला माहीत नव्हतं. चैत्रापर्यंत सिद्धनाथनंही तेच ठरवलं होतं. सांगोल्याच्या एस्टीत बिरप्पा शेजारीच बसला होता. त्याला साल सांगितल्यावर तो खिडकीतून बाहेर बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली. ढोल तापवून झाले. सिद्धनाथ उभा राहिला. म्हाताऱ्या पुजाऱ्यानं भंडाऱ्याची वाटी हातात घेऊन विचारलं, "कुणाकडनं घेतली?"

बिरोबानं दिली, एवढेच दोन शब्द. पण देवळाच्या दारातून देव समोर दिसत होता, आणि सिद्धनाथचे पाय मिलीतल्यासारखे जड झाले होते.

"येका बाईकडनं," तो म्हणाला. "कुंभारीच्या रानात. खडी फोडाया आल्याली. लेकरू निजवीत व्हती."

गोलात कुजबूज झाली.

"नाव काय तिचं?"

"ठावं न्हाय."

"गाव?"

"मद्रासकडचं कुटलं तरी. ठावं न्हाय, बाबा. म्या झोपलो व्हतो."

पुजाऱ्यानं वाटी खाली घेतली. त्याला राग आला नव्हता, तोही थकलेलाच दिसत होता. म्हणाला, "सिद्धू, नाव न्हाय तर भंडारा कसा लावू? देवाला सांगू काय, कुणाची हाय म्हनून?" मग तो म्हणाला, खाली बस. दुसऱ्या ओवीचा गडी पहिली धरील.

पण ढोलवाल्यांनी कुरकुर केली. पहिल्या ओवीला ढोलाभोवती नाचणाऱ्या पोरांचे पाय त्या चालीवर बसले होते, ठोके तसे बसले होते. ऐनवेळी दुसरं कसं धरायचं? बिरप्पा उभा राहिला. त्यानं सिद्धनाथकडं एकदा बघितलं.

"चाल तीच धरतो," तो म्हणाला.

"कुणाकडनं घेतली?"

"सिद्धनाथाकडनं. माज्या चुलत्याचा ल्योक. गाव हेच."

नाव होतं, गाव होतं, माणूस समोर बसलेला होता. पुजाऱ्यानं बिरप्पाच्या कपाळाला भंडारा लावला. बिरोबाच्या नावानं चांगभलं झालं. गोजाबाई बायकांच्या घोळक्यातून उठून देवळाच्या मागं गेली.

सिद्धनाथ मागं सरकला आणि झील धरणाऱ्यांच्या, म्हणजे ओळीचा शेवट मागून उचलून गाणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला. शेजारच्यानं मांडी आवरून त्याला जागा करून दिली. बिरप्पानं सूर जरा वरच लावला होता. असा लावला तर चौथ्या ओळीला दम तुटतो, हे सिद्धनाथला पहिल्याच ओळीत कळलं. त्यानं झील उचलली, आणि बिरप्पाला दम खायला वेळ मिळावा म्हणून शेवटचं अक्षर जमेल तितकं लांबवत राहिला.