बरा दिवस

“पाठ दुखते त्याचं काही नाही गं, ती दुखते हे लोकांना पटवावं लागतं ना, त्यात जीव जातो,” असं ती एकदा सुनेला म्हणाली होती.

एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात ती चादरींच्या घड्या घालायची. हे एकटीचं काम नाही. दोघी समोरासमोर टोकं धरतात, चादर ताणतात, एकमेकींकडे चालत येतात, पुन्हा मागे सरतात. एक दिवस तिचं मागे सरणं अर्ध्यातच अडलं. कमरेत कुणी तापली सळई फिरवावी तसं झालं आणि चादर हातातून सुटून ओल्या फरशीवर पडली.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं, मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. तिचं आलं आणि घरजावयासारखं ठाण मांडून बसलं. एक्स-रे काढले, त्यांत काही दिसेना. आणि जे एक्स-रेत दिसत नाही ते मुकादमाला कुठून दिसणार? त्यानं तिचं नाव पाडलं ‘हवामान खातं’. ती दारातून आत आली की तो ओरडे, “काय हवामान खातं, आज कंबर काय म्हणते? वादळ की उघडीप?” बायका हसत. तिची जोडीदारीणसुद्धा चादरीआड तोंड लपवून हसे.

अधूनमधून टेकायला म्हणून तिनं घरून स्टूल आणलं. मुकादमानं ते उचललं आणि आपल्या टेबलाखाली सरकवलं, पाय ठेवायला. “नाटकाला बैठक लागते, कामाला नाही.” वर तिला महिनाभर ओल्या बाजूला टाकलं, पाणी पिऊन जड झालेल्या चादरी यंत्रातून उपसायला. त्या महिन्यात ती घरी मोरीपर्यंत रांगत जायची. डूख धरला तो तिथं, थंड फरशीला गाल लावून.

पुढे दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई भेटल्या. त्यांनी गोड बोलून फसवलं नाही. “हे कदाचित जाणार नाही. पण याच्याशी संसार करता येतो. दर वेळी दुखलं म्हणजे आत काही मोडलंच असं नाही. घाबरलेलं कुत्रं पान हललं तरी भुंकतं, तशी झालीय तुमची पाठ. तिला हळूहळू माणसाळवायचं. दुखायच्या आधी उठायचं, रोज थोडं चालायचं. आणि बऱ्या दिवसाला भ्यायचं. वाईट दिवस नाही पाडत, बरा दिवस पाडतो.”

हे शेवटचं तिला पटलं नव्हतं. मग एका सकाळी अंग पिसासारखं हलकं झालं. तिनं कपाट सरकवलं, सगळे पडदे धुतले, सुनेला म्हणाली, “बघ, गेलं!” आठवडाभर सूनच तिला कुशीवर वळवत होती. तेव्हापासून बऱ्या दिवशीही ती तेवढंच काम करी, जेवढं इतर दिवशी.

काही वर्षांनी मुकादमाची पाठ धरली. टेबलावर वाकला तो वाकलेलाच राहिला. बायका पांगल्यावर तो तिच्यापाशी आला. स्टूल त्यानं स्वतः पुसून आणलं होतं.

“ताई,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “तुम्ही कसं निभावता हो? वरचे साहेब म्हणतात, उभं राहता येत नसेल तर जागा रिकामी करा. या वयात कुठं जाऊ?”

ती स्टुलावर बसली नाही. पण सांगत गेली: उठायचं कधी, चालायचं किती, झोपताना गुडघ्यांखाली उशी कशी घ्यायची. मुकादम शाळकरी पोरासारखी मान हलवत होता. एक गोष्ट मात्र तिनं जिभेखाली ठेवली.

त्याला गुण आला. ज्या दिवशी साहेब पाहणीला येणार होते, त्याच दिवशी तो शीळ घालत आला.

“उघडीप, ताई! लख्ख उघडीप! कणभर दुखत नाही.” त्यानं बाह्या सरसावल्या. “आज ओली बाजू मी एकटा उपसतो. बघू देत साहेबांना, म्हातारा बैल आहे की घोडा!”

कमरेतून वाकून त्यानं पहिला ढीग ओढला. मग दुसरा. चादरींतून पाणी धो धो गळत होतं.

जोडीदारीण चादरीची टोकं धरून समोर आली आणि कुजबुजली, “ताई, सांगा की त्यांना. बऱ्या दिवसाचं मला सांगितलं होतंत ना.”

“तुला सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“अहो, नोकरी जाईल त्यांची.”

“टोक नीट धर.”

दुपारी पाळी संपत आली, साहेब यायची वेळ झाली, तरी तो थांबला नव्हता. घामानं निथळत, कवेत ओलं ओझं घेऊन तो तिच्याकडे वळला. चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. “काय ताई, जमतंय ना? चुकत तर नाही ना कुठं?”

तो खरंच विचारत होता. उत्तर तिच्या ओठांपर्यंत आलं, आणि त्याच क्षणी तिच्या कमरेतली सळई जराशी फिरली.

तिनं हातातली घडी ढिगावर ठेवली, तळव्यानं सपाट केली. ॲप्रन सोडून खुंटीला लावला. त्याच्या अगदी जवळून, त्याच्या डोळ्यांत पाहत, ती दाराकडे गेली आणि त्याला तसाच उपसू देऊन बाहेर पडली.